अक्षता आणि फॉरमॅट

उन्मेषला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, ही गोष्ट अंबरनाथ पश्चिमेच्या त्यांच्या सोसायटीत इतकी पक्की झाली होती की ती तपासून बघावी असं कुणाच्या मनातही येत नसे. आणि तपासणार तरी कोण? सोसायटीतल्या बापांची माउस कुठल्या बाजूनं धरायचा इथपासून तयारी, आणि आया त्या यंत्रावर भरतकाम केलेलं कापड घालून मोकळ्या. अशा ठिकाणी ज्याला यंत्र चालू करता येतं तो हुशार, आणि ज्याला ते न घाबरता बंद करता येतं तो इंजिनीयर. उन्मेषला दोन्ही येत होतं. तो सतरा वर्षांचा होता आणि बारावीत होता.

त्याच्या धाकट्या बहिणीला, ऋताला, मात्र त्याला नेमकं काय येतं हे चांगलं ठाऊक होतं. ती नववीत होती, आणि तिला डोळे होते. त्याला पडद्यावरचं चित्र बदलता येत होतं. धबधबा काढून गाडी, गाडी काढून नटी, आणि बाबांच्या चपलांचा आवाज आला की नटी काढून परत धबधबा. पडद्यावर राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’ मारता येत होतं, आणि ते तो येता-जाता मारत असे. का मारतोस म्हणून ऋतानं एकदा विचारलं, तर म्हणाला, “मशीन फ्रेश राहतं. तुला नाही कळणार.” मोबाइलमध्ये रिंगटोन घालता येत होती. पाहुण्यांसमोर चार खिडक्या एकदम उघडून भराभर मिटवता येत होत्या, आणि ते बघून पाहुण्यांचे जबडे खाली पडत. एवढी त्याची विद्या.

आणि या विद्येनं भागलं नाही तर फॉरमॅट. काहीही झालेलं असो, आवाज येत नसो, माउस अडकत असो, प्रिंटरमध्ये कागद नसो, उन्मेष ओठ मुडपून दोन मिनिटं पडद्याकडे बघायचा आणि जड आवाजात सांगायचा, “व्हायरस आहे. फॉरमॅट मारावा लागेल.” खालच्या मजल्यावरच्या शिवरामकाकांच्या यंत्राला त्यानं असाच फॉरमॅट मारला, तेव्हा त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो धुऊन निघाले. शिवरामकाका म्हणाले, “फोटो गेले ते गेले, पण मशीन काय पळतंय आता!” आणि उन्मेषला घरी बोलावून बटाटेवडे खाऊ घातले. हे ऐकलं तेव्हा ऋताला शिवरामकाकांची दया यायला हवी होती. तिला आला तो फक्त संताप.

ऋतानं स्वतः एक खेळ बनवला होता. शाळेत सुनेत्रा मॅडम कॉम्प्युटर शिकवत. नववीला त्यांनी बेसिक सुरू केलं, म्हणजे ओळी लिहून यंत्राकडून काम करून घ्यायची भाषा. बाकीच्या मुली बेरीज-वजाबाकी करून थांबल्या. ऋता थांबली नाही. उन्मेष क्लासला गेला की ती बसायची, आणि त्याच्या येण्याची चाहूल लागली की उठायची. अशा चोरून मिळालेल्या वेळात, पावसाळाभर खपून, तिनं ‘नळ आला’ नावाचा खेळ लिहिला. पडद्यावर एक नळ, खाली हंडा, कळशी, दोन बादल्या आणि एक पिंप. पाणी कधी येईल सांगता येत नाही. आलं की भांडी लावायची, पण तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी होते, दूध उतू जायला लागतं, दारावर कचरेवाला घंटा वाजवतो. एकाकडे गेलं की दुसरं बिघडतं. पाणी जायच्या आत पिंप भरलं तर तुम्ही जिंकलात. ऋतानं फ्लॉपीवर नेलेला तो खेळ सुनेत्रा मॅडमनी शाळेत खेळून बघितला, तीनदा हरल्या, आणि हसून हसून डोळे पुसत शेजारच्या वर्गातल्या मॅडमना बोलवायला गेल्या.

उन्मेषनं बघितला तेव्हा तो म्हणाला, “यात मारायचं कोणाला?”

“कोणालाच नाही. पाणी भरायचं.”

“मग गेम कसला हा? बंदूक नाय, गाडी नाय. कामवाली बनायचं फुकटात!” आणि जाता जाता त्यानं एकदा रिफ्रेश मारलं.

पण खेळाला आता महत्त्व आलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी निवड होती. एकच प्रयोग पुढे ठाण्याला जाणार होता, आणि मॅडमच्या बोलण्यावरून तो ऋताचा असायची दाट शक्यता होती. त्याच्या मागेही एक गोष्ट होती. दिवाळीच्या सुटीत स्टेशनजवळ प्रोग्रॅमिंगचा क्लास सुरू होणार होता. ऋताचे वडील, विष्णुपंत, कारखान्यात अधिकारी. त्यांनी क्लासला घरातलं एकच जण जाईल असं ठरवलं होतं, आणि ते एक जण कोण हे ठरवायची त्यांना गरजही वाटली नव्हती. ऋतानं विषय काढला तेव्हा ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले होते, “तुझं ते शाळेतलं ठाण्याला गेलं तर बघू.” विष्णुपंतांचं ‘बघू’ म्हणजे नाहीच असायचं. पण या वेळी ते आईसमोर बोलले होते, आणि ऋतानं ते घट्ट धरून ठेवलं होतं.

खंडेनवमी शनिवारी आली. त्यांच्या घरी शस्त्रं म्हणजे विळी, विष्णुपंतांचं पान्यांचं पाकीट, आणि दोन वर्षांपासून कॉम्प्युटर. ऋताची आई, वृंदा, कुठल्याही गोष्टीची पूजा अर्धवट करणारी बाई नव्हती. तिनं यंत्राचा डबा सोडवून घेतला, पाटावर लाल वस्त्र घालून त्यावर आडवा निजवला, म्हणजे देवाला वाकून नमस्कार करतोय असं दिसावं. डब्याच्या कुशीला हवा खेळायला जाळी होती. ती आता आभाळाकडे तोंड करून होती. वृंदानं हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली, आणि मूठभर अक्षता अशा काही भक्तिभावानं टाकल्या की त्यातल्या निम्म्या जाळीतून आत गेल्या.

“आई, आत जातायत,” ऋता म्हणाली.

“देवाचं आहे ते. त्यानं काही बिघडत नाही.”

उन्मेष शेजारी हात जोडून उभा होता. घरातल्या तज्ज्ञाला अक्षता दिसल्या नाहीत, जाळीही दिसली नाही. त्याला प्रसादाचा पेढा तेवढा दिसला.

रविवारी सकाळी उत्तरपूजा झाली, डबा उभा करून जागेवर ठेवला, आणि विष्णुपंतांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर स्वतः बटण दाबलं. खर्रर्र असा आवाज सुरू झाला. थांबून थांबून, दात खाल्ल्यासारखा. विष्णुपंत दोन पावलं मागे सरले आणि ओरडले, “उन्मेष!”

उन्मेष टॉवेल गुंडाळूनच आला. ओठ मुडपले, पडद्याकडे बघितलं, एकदा रिफ्रेश मारलं. आवाज चालूच. ऋताला पुढचं वाक्य तोंडपाठ होतं.

“व्हायरस आहे,” तो म्हणाला. “सॉलिड घुसलाय. फॉरमॅट मारावा लागेल.”

“व्हायरस आवाज करत नाही,” ऋता म्हणाली. “आत पंखा आहे, त्याच्यात अक्षता अडकल्यात. बाजूचं झाकण काढून बघा ना.”

“झाकण काढायचं नसतं,” उन्मेष म्हणाला. “वॉरंटी जाते.”

“वॉरंटी गेल्या वर्षीच संपली.”

“ऋता,” विष्णुपंत म्हणाले, “शॉक बसेल एखादा. ज्याला कळतं त्याला करू दे. ते काम त्याच्यावर सोड.”

ज्याला कळतं! ऋतानं भावाकडे पाहिलं. टॉवेल एका हातानं सावरत, दुसऱ्या हातानं तो अजून पडद्यावर रिफ्रेश मारत होता. या माणसाशी काय भांडायचं, असं तिला वाटलं. तिचा खेळ एका निळ्या फ्लॉपीवर उतरवून ठेवलेला होता. वर तिचं नाव होतं, कोपऱ्यातली खिटी सरकवून तिनं फ्लॉपी बंद केली होती, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये, आणि ती तिच्या ड्रॉवरमध्ये होती. तेव्हा मार फॉरमॅट. संध्याकाळी अख्खं यंत्र धुऊन पुसून झालं तरी खर्रर्र तसंच राहणार, आणि तेव्हा याचं तोंड बघायचं. त्या विचारानं तिला भलताच आनंद झाला. ती एक शब्दही पुढे बोलली नाही आणि आईबरोबर बदलापूरला निघून गेली.

बदलापुरात कुळगावला तिची कुंदाआत्या राहायची. दर दसऱ्याला वृंदा तिच्याकडे जेवायला जायची. आत्याच्या घरी श्रीखंड-पुरी झाली, आणि आत्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, “उन्मेष नाही आला?”

“त्याचं कॉम्प्युटरचं काम निघालं,” वृंदा अशा आवाजात म्हणाली, जसं काही तो कुणाचं ऑपरेशन करत होता.

“पोरगं फार पुढे जाणार तुझं,” आत्या म्हणाली. ऋताच्या ताटात तिनं न विचारता आणखी एक पुरी वाढली. मुलींनी पुढे जायचं नसलं तरी जेवायला हरकत नव्हती.

दिवेलागणीला दोघी परतल्या, तेव्हा शिवरामकाका सोनं द्यायला येऊन बसले होते. आपट्याची पानं त्यांनी विष्णुपंतांच्या हातात ठेवली होती आणि आपला मोबाइल उन्मेषच्या. उन्मेष त्यात कसलीशी कर्कश धून बसवून देत होता आणि काका मान डोलवत होते. कोपऱ्यात यंत्र चालू होतं. पडदा नवाकोरा, रिकामा. आणि डबा खर्रर्र, खर्रर्र करत होता.

“आवाज येतोय अजून,” ऋता म्हणाली. ही वेळ यावी म्हणून तिनं दिवसभर वाट पाहिली होती.

उन्मेषनं मानही वर केली नाही. “तो हार्डवेअरमधला व्हायरस आहे. डीप असतो. दोन-तीनदा मारावा लागतो फॉरमॅट.”

शिवरामकाकांनी ‘अरे बाप रे’ असं तोंड केलं. ऋतानं मग कुणाला विचारलं नाही. यंत्र बंद केलं, वायर काढली, विष्णुपंतांच्या पूजेतल्या पाकिटातून स्क्रू काढायचं आणलं, आणि बाजूचं झाकण उतरवलं. आत छोटा पंखा होता. त्याच्या पात्यांत कुंकू लागलेले तांदळाचे दाणे आणि झेंडूची एक पाकळी बसली होती. तिनं ते चिमट्यानं एकेक करून काढलं, तळहातावर घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असं टीपॉयवर ठेवलं. झाकण लावलं, वायर जोडली, बटण दाबलं. यंत्र चालू झालं, आणि हूं की चूं नाही.

“वा!” विष्णुपंत म्हणाले. “बघा शिवरामराव, फॉरमॅट मारल्यावर कसं शांत चालायला लागलं.”

ऋताला वाटलं, बाबा थट्टा करतायत. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. टीपॉयवर तांदूळ पडले होते, पाकळी पडली होती, आणि शहाणासुरता, कारखान्यात माणसं हाताखाली असलेला माणूस आपल्या मुलाकडे कौतुकानं बघत होता. वडिलांबद्दल आपल्याला इतका तिरस्कार वाटू शकतो हे तिला पहिल्यांदाच कळलं, आणि त्याची तिला भीती वाटली.

असू दे, ती मनात म्हणाली. उद्या शाळेत कळेल. ती आत गेली आणि ड्रॉवर उघडला. फ्लॉपी नव्हती. तिनं सगळा ड्रॉवर उपसला, वह्यांच्या मागे बघितलं, गादी उचलून बघितली.

“दादा, माझी निळी फ्लॉपी कुठाय?”

“ती होय?” उन्मेष बाहेरून म्हणाला. “ती यूज केली ना मी. फॉरमॅट मारायच्या आधी बूट डिस्क बनवावी लागते, मशीन चालू करायला. माझ्याकडे रिकामी नव्हती.”

ऋता दारात येऊन उभी राहिली. उन्मेषनं यंत्रातून फ्लॉपी काढून तिच्यापुढे धरली. तिच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली होती आणि त्यावर त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

“यात माझा खेळ होता.”

“ती सगळी साफ होते गं डिस्क बनवताना. आणि लॉक होती ती!” तो काकांकडे वळून म्हणाला. “कुणाला खोलता आली नसती. मी खोलली.”

खिटी बोटानं सरकवण्याचा तो पराक्रम ऐकून शिवरामकाकांनी पुन्हा मान डोलवली. ऋताला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग एकेक लक्षात आलं. यंत्रातलं गेलं, फ्लॉपीतलं गेलं, पावसाळाभर चोरून बसलेली प्रत्येक दुपार गेली, आणि उद्या सकाळी निवड. सकाळी एक शब्द जास्त बोलली असती, फ्लॉपी ड्रॉवरमधून काढून बरोबर नेली असती, तर! पण तिला याचं पडलेलं तोंड बघायची हौस होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते या लोकांसमोर आलं याची तिला भयंकर लाज वाटली.

“अगं, रडायला काय झालं?” विष्णुपंत म्हणाले. “दुसरी फ्लॉपी आणू.”

“फ्लॉपी नकोय मला. आतला खेळ गेला. उद्या दाखवायचा होता.”

विष्णुपंतांनी क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. “एवढंच ना? मग दादा देईल करून. काय रे उन्मेष? तासाभरात होईल ना?”

“हां, देतो की,” उन्मेष म्हणाला. “दहा मिनिटांचं काम आहे. नळ तर आहे.”

“असा भाऊ मिळायला नशीब लागतं, पोरी,” शिवरामकाका म्हणाले.

वृंदा स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिची नजर टीपॉयवरच्या कुंकू लागलेल्या तांदळावर गेली आणि तिथेच राहिली.

ऋतानं डोळे पुसले. रडणं जसं आलं तसं गेलं, आणि त्याच्या जागी एक थंडपणा आला. “चालेल,” ती म्हणाली. “बस. कर.”

उन्मेष ऐटीत बसला. त्यानं रिफ्रेश मारलं. मग सुरुवातीचा मेनू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बेसिक कुठे असतं हेच त्याला माहीत नव्हतं. “सॉफ्टवेअर गेलंय फॉरमॅटमध्ये,” तो म्हणाला. ऋता पुढे वाकली, विंडोजची सीडी घातली, तिच्यातल्या एका अडगळीच्या कोपऱ्यातून बेसिक काढून आणलं आणि उघडून दिलं. निळाभोर, कोरा पडदा. वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती.

“हं. लिही.”

उन्मेषनं माउस हलवला. त्यानं राइट क्लिक केलं; तिथे रिफ्रेश नव्हतं. त्यानं एक अक्षर दाबलं आणि पुसलं. शिवरामकाकांच्या हातातला मोबाइल मध्येच नव्या धूनमध्ये किंचाळला आणि तो कसा बंद करायचा हे त्यांना कळेना. ते घाईघाईनं उठले, “येतो विष्णुपंत, अजून दोन घरं आहेत,” म्हणाले, आणि वाजता मोबाइल घेऊन जिना उतरले.

“हे जुनं आहे खूप,” उन्मेष म्हणाला. “आता कोण वापरत नाय हे. आउटडेटेड.”

“लिही,” ऋता म्हणाली.

त्याचे कान लाल झाले होते. सतरा वर्षांच्या आयुष्यात त्याला कुणी काही करून दाखव म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी आधीच मान्य केलं होतं. विष्णुपंत आपट्याचं एक पान बोटांत धरून त्याच्या शिरा बघत बसले. थोड्या वेळानं उन्मेषनं चेहऱ्यावर हसू आणलं, तेच पाहुण्यांसमोरचं.

“असं करू. तू सांगत जा, मी टाइप करतो. फास्ट होईल.”

ऋता त्याच्याकडे बघत राहिली. हे असंच चालणार होतं. ती सांगणार, तो टाइप करणार, आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार, बघा आमच्या उन्मेषनं केलं. उद्या हा खेळ, दिवाळीत तो क्लास, आणि पुढे काय काय. तिला आता रागसुद्धा आला नाही. रागवायला समोर कुणीतरी असावं लागतं.

“ऊठ,” ती म्हणाली.

उन्मेषनं वडिलांकडे पाहिलं. विष्णुपंतांनी पान खाली ठेवलं. लुकलुकणारी रेघ त्यांनाही दिसत होती, कोरा पडदाही दिसत होता. ते घसा खाकरून म्हणाले, “अगं, पण तुला जमेल का?”

ऋतानं खुर्चीची पाठ धरून ओढली. उन्मेष उठला. खुर्ची त्याच्या अंगानं गरम झाली होती. तिला किळस आली. तरी ती बसली, की-बोर्ड आपल्याकडे ओढला आणि पहिली ओळ लिहायला लागली.